पहिली रांग, अकरा नंबर

"कुठं होता?" त्रिशलानं विचारलं.

"पोट बिघडलं."

"अडीच तास?"

"हो."

आम्ही नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभे होतो. रविवारचे साडेसहा वाजले होते. आतून माणसं बाहेर पडत होती, घामाघूम, घसे बसलेली. निम्मी माझ्या वयाची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, पण त्या वेळी एकालाही ते आठवत नव्हतं. आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी दोन्ही हात वर करून चालले होते आणि कार्यक्रम संपला, आता हात खाली घ्यावेत, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

त्रिशलानं माझ्या ओल्या तोंडाकडं, ओल्या कॉलरकडं पाहिलं. "आता बरं आहे?"

"आहे."

"मग चला. दूध घ्यायचंय."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. पण तिथून पुढं चौदा वर्षं लग्नात, बारशात, हळदीकुंकवात ती हेच सांगत आली, "बत्तीस वर्षं ज्याच्या नावाचा जप केला तो माणूस सांगलीत आला, आणि हे संडासात." लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

आता खरं काय झालं ते सांगतो. सांगायला हरकत नाही असं मला अलीकडंच कळलंय.

अँब्रोज तुस्कानो हे नाव आजच्या पोरांना माहीत नसेल. वसईचा माणूस, 'लोखंड' नावाच्या बँडचा गायक. एकोणऐंशी साली त्यांची 'गंज' नावाची कॅसेट आली तेव्हा मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला होतो. मराठी माणूस विजेची गिटार घेऊन मराठीतच ओरडतो, हे माझ्या वडिलांना काही केल्या पटेना. त्यांनी अर्धं गाणं उभ्या उभ्या ऐकलं आणि विचारलं, "ह्याला कुठं दुखतंय?"

कुठं दुखतंय ते मला सांगता येत नव्हतं, पण मलाही तिथंच दुखत होतं. कॅसेटमधली अकराही गाणी मला महिन्याभरात पाठ झाली. कव्हरवर अँब्रोजचा एकच फोटो होता, तोही पाठमोरा. भट्टीसमोर उभा, खांद्यावर गिटार, आणि चेहरा तिकडं. तो माणूस समोरून कसा दिसतो हे मला एकदा बघायचं होतं. त्याच्याशी बोलायचं नव्हतं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा नव्हता. तो गाताना समोर बसून बघायचं. माणसानं आयुष्यात देवाकडं फार मागू नये, म्हणून मी एवढंच मागितलं होतं.

चौऱ्याऐंशीला तो कोल्हापुरात आला. तिकीट काढलं होतं. नेमकं त्याच दिवशी आमच्या नाट्यमंडळाचं राज्य नाट्यस्पर्धेतलं नाटक लागलं आणि मी मंडळाचा प्रॉम्प्टर होतो. नटाच्या जागी दुसरा नट उभा करता येतो, प्रॉम्प्टरच्या जागी कुणाला करणार? तिकीट तसंच खिशात राहिलं. आमचं नाटक सातवं आलं. स्पर्धेत सात नाटकं होती.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभा राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य देणारा. हे काम मला गणपतराव सुतारांनी शिकवलं. त्यांचे नियम तीन. पहिला, नट अडायच्या आधी त्याचा खांदा अडतो, तेव्हा तोंडाकडं नाही, खांद्याकडं बघायचं. दुसरा, पडदा पडायच्या आत विंग सोडायची. तिसरा, कोण कुठं अडलं हे बाहेर बोलायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. विंगेतलं विंगेत. गणपतराव शेवटच्या आजारात वातात काय काय बरळले, पण एकाही नटाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

चौथी सवय माझी स्वतःची. वाक्य दोनदा देऊनही नटानं उचललं नाही, तर मी "घ्या!" म्हणतो. बहुतेक वेळा नट दचकतो आणि घेतो. आमच्या लग्नात उपाध्ये मंगलाष्टकात अडकले, तेव्हाही अंतरपाटामागून माझ्या तोंडून "घ्या!" निघालं होतं. त्यांनी घेतलं आणि लग्न लागलं. सासऱ्यांनी मात्र पुढं दोन वर्षं माझ्याशी बेतानंच बोलणं ठेवलं.

तर, नव्वदच्या आसपास अँब्रोजनं गाणं सोडलं आणि वसईला केळीची वाडी करत बसला. आम्ही त्याच्या नावानं आंघोळ केल्यासारखेच होतो. आणि दोन हजार अकराला बातमी आली, तो पुन्हा गातोय. वय एकाहत्तर. आणि सांगलीत कार्यक्रम ठेवणारा दुसरा तिसरा कुणी नाही, आमच्याच मंडळाचा रावसाहेब कोरे, मंडप आणि स्पीकरवाला. मी त्याच्या दुकानात सकाळी साडेसातला जाऊन तिकिटं काढली. पहिली रांग, दहा आणि अकरा. अकरा नंबर बरोब्बर मध्यावर येतो. मी आदल्या दिवशी जाऊन त्यावर बसून खात्री करून आलो होतो.

कार्यक्रम दुपारी साडेचारचा. आम्ही पावणेचारला जाऊन बसलो. कॅसेटचं कव्हर मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

"एवढ्या लवकर?" त्रिशला म्हणाली. "अजून झाडू मारतायत."

"मारू दे."

चार वाजता रावसाहेब पडद्यामागून डोकावला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"भूपाल, जरा आत ये."

"काय झालं?"

"तू ये तर."

"आलोच," मी त्रिशलाला म्हणालो.

आत मेकअपच्या खोलीबाहेर चाळिशीची एक बाई छातीशी जाड फाइल धरून उभी होती. अँब्रोजची मुलगी मर्लिन. फाइलमध्ये मोठ्या अक्षरात सगळी गाणी लिहिलेली होती.

"पप्पा विसरतात," ती सरळ म्हणाली. "गेल्या महिन्यात नाशिकला तिसऱ्या गाण्यात थांबले ते थांबलेच. लोकांना वाटलं, भरून आलंय. टाळ्या वाजवल्या. पण त्यांना कळलं ना! हॉटेलवर येऊन म्हणाले, सांगलीला जर असं झालं तर परत माइक हातात धरणार नाही."

"मग ही फाइल ठेवा की समोर स्टँडवर."

"ठेवली होती. फेकून दिली. म्हणतात, मी काय कीर्तनकार आहे, पोथी समोर ठेवायला?"

रावसाहेब मधे पडला. "त्यांच्या कानात ते बोंड असतं, गाणं ऐकायचं. त्यात विंगेतून एक माइक जोडून दिलाय मी. त्यात बोललेलं फक्त त्यांनाच ऐकू येतं. आता बोलणारा पाहिजे. सगळी गाणी पाठ असणारा. आणि कुठं बोलायचं, कुठं गप्प बसायचं ते कळणारा." हे सगळं तो भिंतीला सांगत होता.

"रावशा," मी म्हणालो, "माझं तिकीट आहे."

"माहीत आहे."

"पहिली रांग, अकरा नंबर."

"अरं, मीच दिलंय ना."

"चौऱ्याऐंशीलाही तिकीट होतं."

"तेही माहीत आहे, लेका." त्याचे डोळे खरंच पाणावले होते. "नको म्हणालास तर मी काही म्हणणार नाही. पण आपल्या गावात त्याचं नाटक पडायला नको."

मला रडावंसं वाटत होतं आणि रावसाहेबाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. यातलं काहीच केलं नाही. नटाला न सांगता प्रॉम्प्टिंग करायचं नसतं, म्हणून मी दार वाजवून आत गेलो.

अँब्रोज तुस्कानो आरशाकडं पाठ करून, खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. मला टक्कल दिसलं. ते त्यानं वर केलं नाही.

"कोण?"

"प्रॉम्प्टर."

"मला गरज नाही."

"कुणालाच नसते. मी नुसता असतो."

नाडीवरचा हात थांबला. "मर्लिननं पाठवलं?"

"रावसाहेबानं."

"कोण रावसाहेब?" पण उत्तराची त्याला गरज नव्हती. "'भोंगा' गाण्याचं तिसरं कडवं म्हणून दाखव."

मी म्हटलं, "बाप म्हणाला, ऊठ रे पोरा, लोखंड तापलंय. मी म्हणालो, तापू दे बाबा, त्यानं मलाच कापलंय."

त्यानं नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग अगदी हळू म्हणाला, "हे कडवं मी गात नाही."

"कॅसेटमध्ये आहे."

"आहे?" त्यानं विचारलं. आणि मला कळलं, तो ते गात नव्हता असं नाही, त्याच्याकडं ते उरलंच नव्हतं. माझ्या खिशात त्याचं कव्हर होतं आणि त्याचं कडवं माझ्याकडं होतं. मला भयंकर लाज वाटली, जणू मी त्याच्या घरातून काही उचलून आणलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "नुसता अस."

तेवढ्यात मर्लिन आत आली, त्याच्या गळ्यात कसली तरी वायर अडकवायला ती मधे उभी राहिली, आणि मी बाहेर आलो. म्हणजे तोंड तिथंही दिसलं नाही.

डाव्या विंगेत एक स्टूल, एक छोटा माइक आणि मला ऐकायला हेडफोन होते. समोर रावसाहेबानं माणसाएवढे स्पीकर एकावर एक चढवले होते. त्यांच्या आडून मला अँब्रोजची पाठ, डावा खांदा आणि बुटाची एक टाच दिसत होती, डोकं स्पीकरआड. पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेचा मधला तुकडा दिसायचा. दहा नंबरवर त्रिशला. अकरा नंबरवर तिची पर्स.

पहिलं गाणं त्यानं एकही शब्द न चुकता म्हटलं. दुसरंही. आवाज फाटलेला होता, पण फाटक्या जागी तो जास्त जोर लावत होता. नाट्यगृह हादरत होतं. तिसऱ्या गाण्याला लोक उभे राहिले, त्रिशलाही उभी राहिली. ती आयुष्यात कधी गाण्याला उभी राहिली नव्हती. आमच्याकडं भजनालाही ती बसून असते.

मी मनात म्हटलं, याला माझी गरज नाही. विंगेच्या दारातून बाहेर पडायचं, बाजूच्या बोळातून फिरून पहिल्या रांगेत. दीड मिनिटाचं काम. मी हेडफोन काढला. स्टुलावरून उठलो. दाराच्या कडीला हातही लावला.

आणि सवयीनं मागं वळून खांद्याकडं पाहिलं.

'भोंगा' चालू झालं होतं. 'भोंगा वाजला, गाव उठलं, मी नाही उठलो' हे त्यानं म्हटलं. 'भाकर गेली डब्यात बसून' हेही म्हटलं. दुसरं कडवं संपलं, गिटारचा तुकडा झाला आणि डावा खांदा थांबला.

मी हेडफोन डोक्यावर आदळला आणि माइक ओढला. "बाप म्हणाला, ऊठ रे पोरा."

काही नाही. बँडवाले तोच तुकडा पुन्हा वाजवू लागले. ड्रमवाला माझ्या बाजूला बघू लागला.

"बाप म्हणाला, ऊठ रे पोरा."

काही नाही. खांदा हळूहळू खाली यायला लागला. मी तीस वर्षांत शंभर खांदे बघितलेत. खांदा खाली यायला लागला की माणूस गेला. पलीकडच्या विंगेत मर्लिननं तोंडावर हात ठेवला.

मग माझ्या तोंडून ते निघालं. मी ठरवलं नव्हतं.

"घ्या!"

आणि त्यानं घेतलं. नेमकं तेच घेतलं. माइक तोंडाशी नेऊन अँब्रोज तुस्कानो साडेसातशे माणसांसमोर गरजला, "घ्या!"

धरणी दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं मला झालं. बत्तीस वर्षं वाट पाहिली आणि त्याच्या सगळ्यात थोर गाण्यात मी जेवणाच्या पंगतीतला शब्द घुसडला. मग कुठूनतरी मागून, बहुधा तलाठ्यांच्या बाजूनं, आवाज आला, "घ्या!" ड्रमवाल्यानं त्यावर दणका दिला. अँब्रोज पुन्हा म्हणाला, "घ्या!" साडेसातशे माणसं म्हणाली, "घ्या!" असं पाच-सहा वेळा झालं. त्या गोंधळात मी माइकमध्ये, अगदी हळू, पोराला झोपेतून उठवतात तसं म्हटलं, "बाप म्हणाला."

खांदा वर आला. "बाप म्हणाला, ऊठ रे पोरा!"

ते कडवं त्यानं पुरं म्हटलं. मग दुसऱ्यांदा म्हटलं, मला न विचारता. त्यानंतर उरलेल्या सात गाण्यांत तो चारदा अडला आणि चारही वेळा पहिल्या शब्दालाच उचललं. मी जागचा हललो नाही. सगळा कार्यक्रम मी त्या टाचेकडं आणि खांद्याकडं बघून काढला, आणि खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ झाली तसा मी हेडफोन स्टुलावर ठेवला आणि पडदा पडायच्या आत विंग सोडली. मागच्या नळावर तोंड धुतलं. हुंदके आले ते नळ मोठा सोडून आवरले. कव्हर खिशात तसंच होतं, सहीविना कोरं. मग पायऱ्यांवर गेलो आणि त्रिशलानं विचारलं, कुठं होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'एकाहत्तराव्या वर्षी एकही शब्द न विसरता'. खाली असंही होतं की, सांगलीकरांसाठी त्यांनी 'घ्या' ही खास आरोळी दिली. मर्लिननं एकदा फोन केला. म्हणाली, "आता प्रॉम्प्टर लागत नाही. अडले की पप्पा 'घ्या' म्हणतात, लोक 'घ्या' म्हणतात, तोवर आठवतं." मी म्हटलं, उत्तम. त्यानंतर त्याचे सातच कार्यक्रम झाले, सगळे मुंबईच्या बाजूला, आणि वर्षाच्या आत गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं. समोरून बघायचं राहिलं ते राहिलंच.

या श्रावणात तो गेला. पंच्याऐंशी वर्षांचा होऊन गेला, रडण्यासारखं काही नव्हतं. सकाळी त्रिशला मेथी निवडत बसली होती आणि तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून मी तिला पेपर वाचून दाखवत होतो. दूध महागलं ते वाचलं. नदीकाठचा रस्ता खचला ते वाचलं. मग तिसऱ्या पानावर खाली ती बातमी होती.

"'लोखंड' या बँडचे गायक अँब्रोज तुस्कानो यांचे वसई येथे..." एवढं वाचलं आणि पुढचं दिसेना. शब्द समोर होते. मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, पुन्हा तिथंच अडलो.

त्रिशलानं मेथीवरची मान वर केली नाही.

"घ्या," ती म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला. ती काड्या वेगळ्या करत होती, पानं वेगळी.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. त्या भोंग्याच्या गाण्याला." ती म्हणाली. "गाण्याच्या मधे 'घ्या' कोण म्हणतं? वाढपी, नाहीतर तुम्ही. मी अंतरपाटाच्या अलीकडून ऐकलंय ते. अंगावर काटा आला माझ्या."

"मग चौदा वर्षं ते संडासाचं कशाला सांगत फिरलीस?"

"लोक विचारायचे, हे कुठं होते म्हणून. तुम्ही जे वाक्य दिलं होतं तेच म्हटलं. विंगेतलं विंगेत, असं तुम्हीच म्हणता ना?"

चौदा वर्षं ती माझी चेष्टा करतेय असं मी समजत होतो, आणि ती माझा नियम पाळत होती, माझ्याहून चोख. मी चष्मा काढून पुसला. तो पुसूनही झाला.

"त्रिशला," मी विचारलं, "समोरून कसा दिसत होता गं?"

तिनं मेथीची परात बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि पहिल्या गाण्यापासून सांगायला सुरुवात केली. शर्ट काळा होता, पण कोपरावर विटलेला. नाक मोठं, कान त्याहून मोठे. गाताना डोळे मिटायचा आणि टाळ्या पडल्या की, कुणी झोपेतून उठवल्यासारखे उघडायचा. भोंग्याला अडला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, तिला वाटलं, आता हा माणूस खाली बसतो. मग 'घ्या' म्हणाला आणि त्यानं मान वळवली, तुमच्या बाजूला, आणि...

तिथं ती अडली. शब्द शोधत माझ्याकडं बघत राहिली. मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं मला येत नव्हतं.